गवत कोणाला म्हणालात?

बसा. वह्या माझ्या टेबलावरच राहतील, वाटायला कोणी उठायचं नाही. ती मागची खिडकी लावून घ्या, पाऊस आत येतोय. आणि आज मध्येच कोणी ‘बाई, पाणी प्यायला जाऊ?’ म्हणून हात वर केला, तर त्याचं उत्तर आत्ताच ऐकून ठेवा. नाही.

‘स्थानिक आणि हंगामी आहाराचे फायदे’ असा प्रकल्प मी तुम्हाला दिला होता. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात दिला, वेळ भरपूर दिला. काल सगळ्या वह्या वाचून काढल्या. मुखपृष्ठं झकास आहेत. चकचकीत कागद, रंगीत प्रिंट, सोनेरी पेनानं नावं. आत काय आहे? पहिल्या पानावर ब्रोकोली. दुसऱ्या पानावर ब्लूबेरी. तिसऱ्या पानावर चार ऋतूंचं गोल चक्र: वसंतात अ‍ॅस्परॅगस, उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी, शरदात डोळे कोरलेला नारिंगी भोपळा, हिवाळ्यात बर्फ आणि केल. अलिबाग तालुक्यात राहणाऱ्या पोरांच्या प्रकल्पात पावसाळाच नाही! वर पत्रे वाजताहेत, खाली चिखल आहे, दप्तरं ओली आहेत, आणि वहीत बर्फ पडतोय.

स्ट्रॉबेरी उन्हाळी फळ आहे असं निम्म्याहून जास्त जणांनी लिहिलंय. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी थंडीत सुरू होते. गेल्या डिसेंबरच्या सहलीत तुम्ही तिथेच उभं राहून क्रीम घालून ती खाल्लीत, परतीच्या बसमध्ये प्रत्येकाच्या शर्टावर डाग होते. तरी उन्हाळी? म्हणजे शर्टाला जे कळलं ते तुम्हाला कळलं नाही.

उतरवलेल्या प्रकल्पाचे गुण कापून मी हा विषय संपवला असता. उतरवणारी पिढी काही तुमचीच पहिली नाही. आज मी उभी आहे ती मंगळवारच्या मधल्या सुट्टीसाठी. कोणीतरी डबा उघडला. तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी, कडेला थोडी परतलेली सुकट. आणि तिसऱ्या बाकावरून आवाज आला, ‘ही बघ, गवत खाते!’ चौघं हसले. मग आजूबाजूचे हसले. आणि ज्यांना हसू आलं नव्हतं तेही हसले, हे मला सगळ्यात जास्त लागलं. डब्याचं झाकण लागलं, ते शाळा सुटेपर्यंत उघडलं नाही. तिकडे वळून बघायची काही गरज नाही. मान समोर.

आता गवताचं बघू. तांदूळ हे गवत आहे. गहू, मका, ज्वारी, नाचणी, ऊस, बांबू हे सगळे गवताच्या कुळातले, पोएसी कुळातले. टाकळा त्या कुळातला नाही, तो शेंगा धरणाऱ्यांच्या कुळातला. म्हणजे मंगळवारी त्या बाकावर मैद्याच्या नूडल्स खात जो बसला होता, गवत तो खात होता. हसा ना आता.

टाकळा पहिल्या पावसाबरोबर बांधावर, रस्त्याच्या कडेला, तुमच्या क्रिकेटच्या मैदानाच्या कुंपणापाशी उगवतो. त्याला कोणी पेरत नाही, खत घालत नाही, फवारत नाही. कोवळा असतो तोवरच खायचा. जून झाला की चिवट आणि कडवट होतो. म्हणून त्याचा हंगाम थोडक्या दिवसांचा. संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटतात. गेल्या वर्षी वनस्पतींच्या हालचाली शिकवताना मी लाजाळूचं उदाहरण दिलं आणि तुम्ही सगळ्यांनी उत्तरपत्रिकेत लाजाळूच लिहिलंत. एका उत्तरपत्रिकेत टाकळा होता. कोणाच्या, ते ओळखा.

स्थानिक आणि हंगामी खाण्याचा पहिला फायदा तुमच्या एकाही वहीत नाही. आपल्या पायाखाली काय उगवतं, कधी उगवतं आणि कसं खायचं हे माणसाला कळतं. तुमच्या यादीत ‘रोगप्रतिकारशक्ती वाढते’ आहे, ‘त्वचा उजळते’ आहे, ‘पृथ्वी वाचते’ आहे. ज्ञान नाही. आणि ज्याला हे ज्ञान नाही त्याला बाजार फसवतो. नोव्हेंबरात हापूस आला म्हणून तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरी पेटी येते. तो आंबा आफ्रिकेतल्या मलावीहून वाशीच्या बाजारात उतरलेला असतो. खाणाऱ्यानं खुशाल खावा, पण नोव्हेंबरात आपल्याकडे आंब्याला मोहर तरी आलेला असतो का, एवढा प्रश्न तरी पडावा. तो प्रश्न पडत नाही त्यालाच पुढे एप्रिलमध्ये कोणताही पिवळा आंबा देवगड म्हणून खपवता येतो. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला आपल्या देशात बंदी आहे. तरी ते वापरणारे सापडतात, कारण फळ आधी हवं असणारं गिऱ्हाईक सापडतं.

शेवळं किती जणांनी खाल्लीत? हात वर. पाच. बाकीच्यांनी ऐका. पावसाच्या तोंडावर जंगलातून शेवळं येतात, ठाकूर-कातकरी बायका जुड्या बांधून बाजारात आणतात. नुसती शिजवून खाल्लीत तर घसा खाजून जीव नकोसा होईल, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून त्यात काकडं घालतात. काकडी नव्हे, काकडं. लहान, हिरवी, आंबट फळं. ती त्याच दिवसांत, त्याच रानात तयार होतात आणि त्याच पाटीत विकायला येतात. ती मिळाली नाहीत तर चिंच. अळवात चिंच किंवा आमसूल पडतं तेही त्याच कारणानं. हे कोणत्या प्रयोगशाळेत ठरलं? कोणत्या प्रबंधात छापलं? शाळेची पायरीसुद्धा न चढलेल्या बाईला जे पाठ आहे ते विज्ञान आहे. तुमच्या वहीत जे आहे ते हस्ताक्षर आहे. काहींच्या बाबतीत तेही नाही, प्रिंटआउट आहे.

आणि उद्या उत्साहानं रानात जाऊन दिसेल तो पाला उपटून आणू नका. याच दिवसांत कुंपणावर कळलावी चढते. फुलं दिसायला सुंदर, पण झाड विषारी, कंद तर फारच. कोणती भाजी, कोणता भाग, कोवळी केवढी, किती पाण्यातून काढायची हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडूनच घ्यायची. त्या बायकांकडून आणि घासाघीस न करता. मॉलमध्ये छापील किमतीवर तुमच्या घरचं कोणी ‘दोन रुपये कमी करा’ म्हणतं का? मग दहा रुपयांच्या कंटोलीच्या वाट्यावर म्हणायला कसं सुचतं?

आता ताजेपणा. सगळ्यांनी लिहिलंय, ‘स्थानिक अन्न ताजे असते.’ पुढे? कारण? एकानंही लिहिलेलं नाही. पान झाडावरून तोडलं तरी त्याच्या पेशी लगेच मरत नाहीत. श्वसन चालू राहतं. साठवलेली साखर जळत राहते, पाणी उडत राहतं, क जीवनसत्त्वाचा ऱ्हास होत राहतो आणि उष्णता जितकी जास्त तितका हा वेग जास्त. सकाळी खुडलेली माठाची जुडी दुपारच्या आत चुलीवर जाते तेव्हा तिच्यातलं बरंच काही तुमच्या पोटात येतं. तीच जुडी दोन दिवस ट्रकमध्ये, एक दिवस दुकानात आणि चार दिवस तुमच्या फ्रिजमध्ये राहिली की हिरवा रंग उरतो, बाकीचं वजा होत जातं. सफरचंद महिनोन्‌महिने टिकतं ते तरी कसं? त्याचा श्वास कोंडून. शीतगृहात तापमान शून्याजवळ आणतात आणि हवेतला एकवीस टक्के ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांवर उतरवतात. हिमाचल-काश्मीरची तोडणी साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात होते. मग शाळा उघडली त्या दिवशी जूनमध्ये तुमच्या डब्यात जी सफरचंदाची फोड होती, ती एक तर गेल्या वर्षीच्या तोडणीची, नाहीतर समुद्रापारची. ती काही विष नव्हती. पण आईनं ‘ताजं फळ’ म्हणून दिली आणि तुम्ही ‘ताजं फळ’ म्हणून लिहिलंत.

बरं, त्या फळात होतं काय? शंभर ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व पाच मिलिग्रॅमच्या आतबाहेर. किवीत नव्वदच्या आसपास. आजारी माणसाला भेटायला जाताना टोपलीत घालून नेता ना, ती किवी. आणि थंडीत शाळेच्या फाटकाबाहेर मीठ-तिखट लावून मिळतो त्या पेरूत दोनशेच्या वर. आवळ्यात त्याहूनही जास्त. तांदळात कॅल्शियम शंभर ग्रॅमला दहा मिलिग्रॅमच्या आसपास, नाचणीत साडेतीनशेच्या घरात. शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर. शेवगा तुमच्यातल्या प्रत्येकाच्या वाडीत आहे आणि त्याचा पाला झाडून उकिरड्यावर टाकला जातो. आणि वहीत काय? ‘केल हे सुपरफूड आहे.’ काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता जे बरोबर वाटतं पण चुकीचं आहे, त्याकडे वळते. कारण नुसती आपल्या बाजूची आहेत म्हणून खोटी वाक्यं मी तपासून सोडत नाही. एकीनं लिहिलंय, ‘निसर्ग प्रत्येक ऋतूत त्या ऋतूतील आजारावरचे औषध फळांच्या रूपात देतो.’ निसर्गानं असा कोणताही दवाखाना उघडलेला नाही. कलिंगड उन्हाळ्यात येतं कारण भातकापणीनंतर त्याच शेतात लावलेला वेल तेव्हा तयार होतो. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं आणि उन्हात ते आपल्याला बरं वाटतं, हे खरं. त्यातून औषधाचा शोध लावू नका. दुसऱ्यानं लिहिलंय, ‘स्थानिक अन्न खाल्ल्याने वाहतुकीचे प्रदूषण थांबते व जागतिक तापमानवाढ संपते.’ संपते! अन्नातून होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा पिकवण्याच्या मानानं लहान असतो. खतं, गुरं, भाताच्या खाचरातून निघणारा मिथेन, वाया गेलेलं अन्न यांचा हिशेब मोठा. विमानानं आणलेल्या नाजूक फळांची गोष्ट वेगळी, तिथे वाहतूकच भारी पडते. आणि गोठवलेल्या मटारला तिसऱ्यानं शिव्या दिल्यात. ते मटार तोडल्यावर लगेच गोठवतात, म्हणून त्यातली जीवनसत्त्वं बऱ्यापैकी शाबूत राहतात. आठवडाभर सुकलेल्या ‘ताज्या’ मटारपेक्षा ते बरे. मी बाजू घ्यायला सांगितलं नव्हतं, विचार करायला सांगितलं होतं.

कोण कुजबुजलं? उभा राहा. ‘मिरची पण परदेशातलीच आहे, बाई.’ शाब्बास. आज पहिल्यांदा कोणीतरी स्वतःच्या डोक्यातलं काहीतरी बोललं. मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू, काजू, अननस हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर त्यातलं बरंच काही आपल्याकडे आलं, आणि ते पोर्तुगीज इथून हाकेच्या अंतरावर, रेवदंड्याच्या किल्ल्यात दोन शतकांहून जास्त काळ बसले होते. त्याच्याही आधी आपलं चौल बंदर पश्चिमेच्या जगाशी व्यापार करत होतं. दोन हजार वर्षं समुद्रावरून देवाणघेवाण केलेल्या गावांत बसून मी तुम्हाला ‘बाहेरचं शिवू नका’ असं शिकवणार नाही. आपल्या घरातली तूरडाळ घाटावरची, गहू त्याहून लांबचा, चहा आसामचा. येऊ दे. वनस्पतीचं माहेर मी विचारत नाही. ती आज कोणाच्या जमिनीत वाढली आणि कोणत्या महिन्यात, एवढंच विचारते. पेरू इथे रुजला, इथल्या थंडीत पिकला, तो आपला. खाली बस. उत्तर चांगलं होतं, पण हात वर करून बोलायचं.

टोमॅटोचं नाव निघालंच आहे तर तेही होऊन जाऊ दे. या महिन्यात तुमच्या घरी रोज भाव काढून चिडचिड चाललेली असेल. जुलै हा टोमॅटोच्या तुटवड्याचाच महिना. उन्हाळी पीक संपत आलेलं असतं, खरिपाचं यायचं असतं, पावसानं रोग वाढलेले असतात. २०२३ च्या जुलैत किरकोळ भाव किलोला शंभरच्या वर गेला, काही शहरांत त्याच्याही बराच पुढे. ऑगस्टात नेपाळहून टोमॅटो आणावा लागला. आणि सप्टेंबरात नाशिक-नारायणगावकडे शेतकऱ्याच्या हातात किलोमागे पाच रुपयेही पडेनात, क्रेट रस्त्यावर ओतले गेले. जुलैत आरडाओरडा करणारी माणसं सप्टेंबरात कुठे होती? जुलैत टोमॅटोवाचून अडतं कोणाचं? आमटीला आंबटपणा हवा तर उन्हाळ्यात वाळवलेली आमसुलं आहेत, आंबोशी आहे, चिंच आहे, परसात अंबाडी आहे. तुमच्या पणजीच्या आमटीत टोमॅटो नव्हता आणि ती काही अळणी जेवत नव्हती. तुमच्या मात्र प्रत्येक भाजीचा रस्सा लाल, प्रत्येक महिन्यात, आणि चव बाराही महिने एकच.

मासळीकडे येते, कारण तिथे तुम्ही सगळ्यात जास्त लाज आणलीत. कोळीवाड्यातल्या तिघांच्याही प्रकल्पात मासळीचं एक अक्षर नाही. का? ब्रोकोलीपुढे बोंबील कमी दिसतो? १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हा कायदा आहे, पण त्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी दर्यात लोटायची नाही असा रिवाज तुमच्याच आजोबांनी पाळला. खवळलेल्या समुद्रापासून माणसं वाचावीत आणि विणीच्या दिवसांत मासळीला उसंत मिळावी, दोन्ही कामं एका नारळात. ते दोन महिने घरात काय शिजायचं? मे महिन्याच्या उन्हात वाळवून डब्यात भरलेली सुकट, सुके बोंबील, सोडे, वाकट्या. मंगळवारच्या डब्यात कडेला जी होती ती. तिचा वास आला म्हणून ज्यानं नाकाला रुमाल लावला त्याच्या वडिलांचं समुद्रकिनारी हॉटेल आहे. तिथे जुलैत पर्यटकांना ‘ताजी सुरमई थाळी’ मिळते. कुठून येते रे ताजी? शीतपेटीतून. थाळी विका, धंदा आहे, माझी तक्रार नाही. फलकावरून ‘ताजी’ हा शब्द खोडा आणि जुलैत सोड्याची खिचडी, चिंबोरीचं कालवण, अळूचं फदफदं घाला. मुंबईहून मांडव्याला उतरणारा माणूस इथे येतो तो इथलं खायला. तिथे मिळतं तेच त्याला इथे वाढायचं तर बोटीचं भाडं त्यानं कशाला भरायचं?

याचा अर्थ इथलं म्हणजे सगळं सोवळं असाही नाही. पहिल्या पावसात ओढ्यातून खाचरात चढणारे वलगणीचे मासे रात्री बॅटऱ्या घेऊन पकडायला तुम्हीच जाता ना? दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगणारे चेहरे मला ओळखता येतात. ते मासे पोटात अंडी घेऊन चढत असतात. सगळेच काढलेत तर पुढच्या वर्षी कोण चढणार? तेव्हा स्थानिकही आहे, हंगामीही आहे, म्हणून ते आपोआप शहाणपणाचंही ठरत नाही.

आता ज्यासाठी हा प्रकल्प मी मुळात दिला, ते ऐका. हे समजलं नाही तर जीवनसत्त्वांचे आकडे पाठ करूनही काही उपयोग नाही.

भात कापला की आपल्याकडे शेतात वाल टाकतात. पाणी द्यावं लागत नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर तो वाढतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत धरतात, पुढच्या भाताला त्याचा उपयोग होतो. जानेवारीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून तुम्ही पोपटी लावता. ती लावता हे चांगलं; पण फोटो काढून झाले की घरी वालाचं बिरडं कोण खातं? निम्म्या घरांत ‘सोलत कोण बसणार’ म्हणून वाल येणंच बंद झालंय. खाणारा नाही म्हणून विकत घेणारा नाही, विकत घेणारा नाही म्हणून पेरणारा नाही. मग भात कापल्यावर शेत रिकामं राहतं. रिकाम्या शेताकडे बघून एक दिवस गाडी थांबते, काळ्या काचेतून माणूस उतरतो आणि एकराचा भाव विचारतो. पुढच्या वर्षी तिथे बंगला, पोहण्याचा तलाव आणि कुंपण. ‘हंगामी आहार’ म्हणजे हे पण आहे. जेवणाच्या ताटातून वाल उतरतो तेव्हा जमिनीच्या सातबाऱ्यावरून नाव उतरायला सुरुवात होते.

पांढऱ्या कांद्याचं तेच होऊ घातलंय. खंडाळे, कार्ले, नेहुली या आपल्याच गावांतला कांदा; भातानंतर त्याच जमिनीत लावतात, काढला की वेण्या गुंफतात आणि माळा आड्याला टांगतात, त्या पावसाळ्यात कामी येतात. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. एकाच वहीत त्याचा उल्लेख आहे आणि तिथेही चित्र लाल कांद्याचं चिकटवलंय! वडखळपासून अलिबागपर्यंत रस्त्याच्या कडेला ‘अलिबागचा कांदा’ म्हणून बाहेरचा पांढरा कांदा विकला जातो आणि इथे जन्मलेली माणसं तो घेऊन येतात. ज्याला आपला कांदा ओळखता येत नाही त्याला मानांकनाचा कागद काय उपयोगाचा?

खारेपाटातल्या मुलांनी तर मान खालीच घालावी. समुद्राला बांध घालून मिळवलेली ती जमीन. त्या खाऱ्या मातीत तग धरणारे भाताचे वाण आपल्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं काढले, त्यांची नावंही ‘पनवेल’च आहेत. तुमच्या वहीत क्विनोआ आहे. तो खारट जमिनीत येतो असंही एकानं लिहिलंय, खरंही आहे, पण खारट जमिनीत येणारा तुझ्या आजोबांचा भात तुला दिसला नाही?

आणि चरी गाव माहीत आहे ना? गणपतीत मामाकडे जाता म्हणून माहीत असेल. १९३३ साली तिथल्या कुळांनी खोताच्या जुलमाविरुद्ध जमिनी कसायचं थांबवलं. नारायण नागू पाटलांनी पुढारीपण केलं. १९३९ पर्यंत, सहा वर्षं नांगर घातला नाही. उपाशी राहिले, मोलमजुरी केली, मागे हटले नाहीत. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे कोकणातल्या अशाच कुळांचं दुःख होतं. जमीन कसणाऱ्याची व्हावी म्हणून एवढं झालं. त्या जमिनीत पिकलेल्या तांदळाच्या भाकरीला आणि त्याच जमिनीच्या बांधावरच्या टाकळ्याला या वर्गात, त्याच माणसांची पणतवंडं, दात काढून हसली.

रडू नकोस तू. मी तुला लागावं म्हणून बोलत नाहीये. पण लागलं असेल तर लागू दे.

घरच्यांवर ढकलू नका. ‘आई देते तेच खातो’ म्हणाल. आई देते ते तुम्ही मागता म्हणून. कंटोली ताटात पडली की ‘ई’ कोण म्हणतं? शिराळ्याची भाजी बघून ऑर्डर करायला मोबाइल कोण उघडतं? एका घरात पडवळ, शिराळी, घोसाळी, दुधी यांच्यावर पोरांनी बंदी घातल्यामुळे आठवड्यातून चार दिवस बटाटाच होतो, हे त्याच घरच्या आईनं मला पालकसभेत सांगितलंय. ते घर कोणतं हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे.

वह्या कोणालाही परत मिळणार नाहीत. नवीन प्रकल्प करायचा, हातानं लिहायचा, शाळेच्या साध्या वहीत, चित्रं स्वतः काढायची. रविवारी सकाळी लवकर बाजारात जायचं, आठनंतर नाही. तोवर चांगला पाला संपतो. जमिनीवर बसलेल्या विक्रेत्यांकडे जे जे असेल त्याची नोंद करायची. भाजीचं नाव, ती आणणाऱ्या बाईनं सांगितलं तेच, तसंच. कोणत्या गावाहून आली, कधी खुडली, वाट्याचा भाव काय, कशी करतात, कशात काय आंबट घालतात, कोणता भाग टाकायचा, किती दिवस मिळेल. विचारायच्या आधी एक वाटा विकत घ्यायचा. त्यांचा धंद्याचा वेळ फुकट खायचा नाही. ‘मावशी’ म्हणायचं. ‘ए’ केलेलं माझ्या कानावर आलं तर ते गुणपत्रिकेत दिसेल. मग शेजारच्या दुकानात जाऊन त्याच दिवशी तिथे ठेवलेल्या पाच फळांवरचे स्टिकर वाचायचे, देश लिहायचा, आणि ते फळ आज आपल्या तालुक्यात झाडावर आहे का त्याचं उत्तर लिहायचं.

घरी एक भाजी करून डब्यात आणायची. आईनं नाही, तुम्ही. मुलांनीसुद्धा. विशेषतः मुलांनी. बटाटा चालणार नाही.

तिसऱ्या बाकावरच्या चौघांसाठी वेगळं. तुम्ही टाकळ्याचं रोप मुळासकट आणायचं, फुलं आली नसतील तर पानं नीट मोजायची, दुपारी आणि संध्याकाळी त्यांची चित्रं काढायची आणि पानं का मिटतात ते कारणासह लिहायचं. माहिती लागली तर वर्गात कोणाकडे मिळेल ते तुम्हाला ठाऊक आहे. पण विचारण्याआधी माफी मागायची, सगळ्यांसमोर नाही, तिला अवघडल्यासारखं होईल; नीट, माणसासारखी. आणि तिला सांगावंसं वाटलं नाही तर मुकाट्यानं परत यायचं आणि स्वतः शोधायचं.

सोमवारी पहिल्या तासाला वह्या टेबलावर हव्यात. पाऊस होता, एसटी आली नाही, बहिणीचं लग्न होतं, काही ऐकणार नाही. आता पुस्तकं काढा. परवाचा धडा अर्धा राहिलाय.